एका वेळी एकच

ट्रॅम्पोलिन घ्यायची कल्पना माझी होती. हे मी कधीच नाकारलं नाही. पुढे जे घडलं त्याचं खापर माझ्यावर फोडताना सगळ्यांनी सुरुवात इथूनच केली, की मुळात ते घरात आणलं कोणी. मी आणलं. का आणलं, हे मात्र कोणी विचारलं नाही, म्हणून तेच आधी सांगते.

लग्नाआधी मी कराडच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका होते. खो-खो, कबड्डी, लेझीम आणि जमेल तेवढं जिम्नॅस्टिक्स. कोलांटी मारताना हनुवटी छातीला कशी लावायची, उडी मारून उतरताना गुडघे कसे सैल सोडायचे, पोरगी घाबरली तर तिच्या कमरेला नेमका कुठे हात द्यायचा, हे सगळं माझ्या अंगवळणी पडलं होतं. लग्न झालं, मुलगी झाली, ती चालायला लागली तोवर नवऱ्याला ओरगडमच्या एका गाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही चेन्नईला आलो. तिथे मी दोन-तीन शाळांत जाऊन आले. सगळीकडे गोड बोलले. पण मैदानावर मुलांना हाका मारायला तमिळ हवं, आणि माझं तमिळ भाजीवाल्यापलीकडे जात नव्हतं. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. कंपन्यांच्या बसा भरभरून महाराष्ट्रातले तरुण इंजिनिअर ओरगडमला जात होते, आणि त्यांच्या बायका घरी बसून हळूहळू आपल्याला काय काय येत होतं ते विसरत होत्या.

आम्ही वेस्ट मांबलमला एका जुन्या दुमजली घरात खाली भाड्याने राहायचो. वर घरमालकीणबाई एकट्याच राहत. सगळी गल्ली त्यांना मामी म्हणायची, म्हणून आम्हीही मामीच म्हणायचो. त्या तंजावरच्या मराठी घरातल्या. आम्हाला घर मिळालं तेच मुळी मराठी म्हणून, पण त्यांची मराठी आणि आमची मराठी यांची गाठ पडायला पहिले काही महिने गेले. हेल तमिळ, शब्द शिवाजी महाराजांच्या काळातले, आणि मध्येच एखादं तमिळ वाक्य अख्खंच्या अख्खं. घरामागे मोकळी जागा होती. एका कोपऱ्यात लोखंडी जाळी टाकलेली विहीर, कुंपणाच्या भिंतीलगत दोन नारळ, बाकी लाल रेताड माती.

माझी लेक तेव्हा पाच वर्षांची होती. ती जमिनीवर चालत नसे, उडत असे. सोफ्यावरून पलंगावर, पलंगावरून गादीवर. नवरा सकाळी उजाडायच्या आत कंपनीची बस पकडायचा आणि दिवे लागल्यावर घरी यायचा. मधला सगळा दिवस मी आणि ती.

नवऱ्याच्या कारखान्यात एक कोरियन इंजिनिअर होते. त्यांचं कुटुंब मायदेशी परत चाललं होतं, म्हणून नुंगंबाक्कमच्या त्यांच्या बंगल्यात सामान विकायला काढलं होतं. आम्ही गेलो होतो फ्रिज बघायला. मागच्या बागेत मला ते दिसलं. मोठं, गोल, चहूबाजूंनी उंच जाळी. त्यांची दोन मुलं आळीपाळीने त्यावर उड्या मारत होती. माझ्या लेकीने माझा हात सोडला आणि जाळीला नाक लावून उभी राहिली.

मी त्या कोरियन बाईंना विचारलं, मुलांना कधी लागलं का. माझं इंग्रजी तुटकं, त्यांचं त्याहून तुटकं. त्यांनी मला हाताला धरून कडेला नेलं. कडेने स्प्रिंगांवर जाड गादीचा पट्टा होता. तो उचलून त्यांनी स्प्रिंगांच्या मधल्या फटी दाखवल्या आणि स्वतःचं बोट आत घालून चिमटल्यासारखं केलं. पट्टा फाटला तर आधी तो बदलायचा, मग उड्या, असं मला समजलं. मग एका मुलाला खाली उतरवून दुसऱ्याला वर चढवलं आणि एक बोट वर केलं. "वन. ऑलवेज वन." शेवटी माझ्या नवऱ्याकडे बघून मान हलवली. "नो पापा." आम्ही तिघंही हसलो.

फ्रिज राहिला आणि ट्रॅम्पोलिन घरी आलं. नवरा कुरकुरला नाही. खरं तर त्या दिवशी तोच जास्त खुशीत होता. रविवारी सगळा दिवस आम्ही दोघांनी मिळून ते जोडलं. स्प्रिंगा एकामागून एक लावत गेलं तर चौकट एका बाजूला ओढली जाते, म्हणून एक इकडची लावायची, एक बरोबर समोरची. शेवटच्या काही लावताना त्याच्या हाताला फोड आले. मामी वरच्या गॅलरीतून बघत होत्या.

"झाडाखाले नको ठेवूस," त्या मला म्हणाल्या. "नारळ पडला म्हणजे लेंकराचे काय होईल?"

मी जागा आधीच मोजून ठेवली होती. नारळापासून लांब, विहिरीपासून लांब, भिंतीपासून लांब. तिथली माती मी फावड्याने सपाट केली होती. मामी खाली आल्या, सगळीकडून फिरल्या आणि म्हणाल्या, "चोखोट आहे." चोखोट म्हणजे चांगलं. त्यांच्याकडून एवढी पावती खूप होती.

सुरुवातीला फक्त माझी लेक उड्या मारायची. मग कुंपणावरून डोकी दिसायला लागली. शेजारच्या दोन बहिणी, समोरच्या बँकवाल्यांचा मुलगा, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याची नात. महिन्याभरात माझ्या मागच्या अंगणात रोज संध्याकाळी शाळा भरायला लागली. चारच्या आधी कोणी नाही, कारण उड्या मारायचा मधला काळा पट्टा उन्हात असा तापायचा की तळपाय पोळायचे. मी आधी स्वतःचा हात टेकवून बघायची, मगच पहिल्याला सोडायची. खिशात काही नाही, पायांत काही नाही, केसांत काटे-क्लिपा नाहीत. जाळीची चेन लावल्याशिवाय उडी नाही. कोणी खाली घुसायचं नाही. आणि एका वेळी एकच. हे सांगायला मी मामींकडून तमिळ शिकले. "ओरुत्तर मट्टुम," म्हणजे एकटाच. "इरंगु," म्हणजे उतर. माझे उच्चार ऐकून मुलं खिदळायची, पण उतरायची.

नुसतं उड्या मारणं मी त्यांना करू दिलं नाही. मध्यावर उभं राहायचं, हात पुढे, नजर समोर. थांबायचं कसं ते आधी शिकायचं: गुडघे वाकवून पट्ट्याचा जोर पायांत जिरवायचा. ते जमेपर्यंत उंच उडी नाही. इस्त्रीवाल्याच्या नातीला ते सगळ्यांत लवकर जमलं. पावसाळ्यात, म्हणजे तिकडे दिवाळीच्या सुमाराला, पट्ट्यावर पाणी साचून डास व्हायला लागले, तेव्हा मी रोज सकाळी झाडूने पाणी लोटायची. स्प्रिंगांना गंज धरू नये म्हणून खोबरेल तेलाचा हात फिरवायची. मुलांच्या आया दाराशी उभ्या राहून गप्पा मारायच्या. एकीने मला विचारलं, तुम्ही टीचर आहात का. मी हो म्हणाले. कितीतरी दिवसांनी कोणी ते विचारलं होतं.

जवळजवळ वर्षभर त्यावर कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

नवऱ्याचे साहेब पुण्याच्या मुख्य ऑफिसातून अधूनमधून ओरगडमला यायचे. आडदांड, बोलके, मोठ्याने हसणारे गृहस्थ. त्यांच्या हातात बऱ्याच गोष्टी होत्या, त्यांतली एक म्हणजे पुण्याची एक जागा. नवऱ्याला ती हवी होती. मलाही हवी होती; पुण्याला गेलो असतो तर मला पुन्हा शाळेत शिकवता आलं असतं. त्या खेपेला साहेब पत्नीलाही घेऊन आले होते, त्यांना कांचीपुरमला साड्या घ्यायच्या होत्या. नवऱ्याने त्यांना रविवारी जेवायला बोलावलं. "हॉटेलचं खाऊन कंटाळले असतील," तो म्हणाला, "आपलं मराठी जेवण कर." मी चक्का टांगला, श्रीखंड केलं, मसालेभात, बटाट्याची भाजी, पुऱ्या. साहेब पोटभर जेवले आणि मला म्हणाले, "वहिनी, चेन्नईत येऊन असं जेवायला मिळेल असं वाटलं नव्हतं." नवऱ्याचा चेहरा उजळला.

जेवणं झाली, पान झालं. ऊन कलायला लागलं होतं, वारा सुटला होता, म्हणून आम्ही मागच्या बाजूला खुर्च्या टाकल्या. साहेबांनी ट्रॅम्पोलिन पाहिलं.

"हे काय प्रकरण आहे?"

लेक कधीपासून वाट बघत होती. तिने चेन उघडली, आत गेली आणि त्यांना उड्या मारून दाखवल्या. हात पुढे, नजर समोर, आणि शेवटी गुडघे वाकवून थांबणं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी बूट काढले.

मी उठले. "सर, मोठ्यांचं वजन पेलत नाही त्याला. आणि आम्ही एका वेळी एकालाच सोडतो."

"वहिनी, मी काही पडत नाही. कॉलेजात मल्लखांब करायचो मी."

"तुमचं नाही हो सर. ती बारीक आहे. दोघं एकदम असले की हलक्याला झटका बसतो."

त्यांच्या पत्नी हसल्या. "किती शिस्त आहे बाई तुमच्याकडे."

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यालाही नियम माहीत होता. त्या बाईंनी बोट दाखवलं होतं ते त्यालाच. तो माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "अगं, दोन मिनिटं खेळतील. पाहुणे आहेत." मी लेकीला म्हटलं, तू उतर, काकांना खेळू दे. ती उतरायला निघालीच होती. साहेबांनी तिचा हात धरला. "हिच्याशिवाय काय मजा," ते म्हणाले आणि चेन ओढून घेतली.

त्यांनी पहिल्या एक-दोन उड्या बेतानेच मारल्या. लेक त्यांच्याबरोबर उडत होती, हसत होती. मी जाळीला लागून उभी होते, हात आत घालता येत नव्हता. मी म्हणाले, "सर, बास आता." ते म्हणाले, "शेवटची," आणि पाय जोरात आपटले. ते वर गेले, पट्टा खालून उसळला, आणि नेमक्या त्याच क्षणी ती खाली येत होती. ती पडलीच नाही. लोकांना वाटतं मूल बाहेर फेकलं जातं, उंचावरून आदळतं. तसं काही नाही. ती दोन्ही पायांवर उतरली, पट्ट्याच्या मधोमध, मी शिकवलं होतं तशी, आणि वर येणाऱ्या पट्ट्याने तिच्या पायाला खालून मार दिला. ती मटकन बसली. आधी आवाजच आला नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायाकडे, आणि मग किंचाळली.

मी चेन उघडून आत गेले. साहेब अजून उभे होते आणि त्यांच्या पायांखाली पट्टा हलत होता. मी म्हटलं, "हलू नका. तिथेच बसा आणि बसूनच बाहेर जा." माझ्या आयुष्यात मी त्यांच्याशी एवढ्या मोठ्या आवाजात एकदाच बोलले. उजव्या पायाची नडगी गुडघ्याखाली सुजायला लागली होती. मी वर्तमानपत्रांच्या घड्या केल्या, दोन्ही बाजूंनी लावल्या आणि ओढणीने बांधल्या. नवऱ्याने तिला उचललं. साहेबांच्याच गाडीतून आम्ही दवाखान्यात गेलो.

एक्स-रे निघाला. डॉक्टर मध्यमवयीन होते, शांत, इंग्रजीत बोलणारे. त्यांनी तो दिव्यासमोर धरला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हिच्याबरोबर आणखी कोणी उडी मारत होतं का? हिच्यापेक्षा जड?"

साहेब आणि त्यांच्या पत्नी दाराशीच उभे होते. दार उघडं होतं.

नवरा म्हणाला, "नाही. एकटीच होती. पाय वाकडा पडला."

मी म्हणाले, "होतं. एक मोठा माणूस होता."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. नवऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, मायेने ठेवावा तसा, आणि त्यांना म्हणाला, "ती घाबरली आहे. ती तेव्हा आत स्वयंपाकघरात होती. तिने पाहिलं नाही."

त्याने हे इंग्रजीत सांगितलं, न अडखळता. माझं इंग्रजी त्याच्या मागे धावायला लागलं आणि शब्द सापडेपर्यंत डॉक्टर पुन्हा एक्स-रेकडे वळले होते. म्हणाले, प्लास्टर तसंही तेच घालायचं आहे. मी पुन्हा तोंड उघडलं, पण लेक रडत होती आणि मला तिचं डोकं धरायचं होतं.

बाहेर साहेबांच्या पत्नीने माझा हात हातात घेतला. "होतं हो असं," त्या म्हणाल्या. "पण लहान मुलांकडे लक्ष ठेवायलाच हवं. डोळ्यांत तेल घालून." साहेब खाली बघत होते. त्यांनी नवऱ्याच्या पाठीवर थोपटलं आणि दोघं गाडीत बसून निघून गेले.

घरी आल्यावर, लेक औषधाने झोपली तेव्हा, मी नवऱ्याला विचारलं. भांडणाच्या सुरातसुद्धा नाही.

"असं का सांगितलंस?"

"मग काय सांगायचं होतं? ते दारात उभे होते."

"म्हणूनच तर."

"हे बघ, पाय बसणार आहे. डॉक्टर म्हणाले ना, लहान हाड आहे, पूर्ण बसेल. त्यांना तोंडावर पाडून आपल्याला काय मिळालं असतं?"

"आणि मी स्वयंपाकघरात होते?"

 तो म्हणाला, "तुझं काय आहे, तू घरचीच आहेस. तुला समजून घेता येतं. बाहेरच्याला नाही."

तो वाईट माणूस नव्हता, नाही. त्या महिन्यांत लेकीला मांडीवर घेऊन न्हाऊ घातलं ते त्यानेच, प्लास्टरला प्लास्टिकची पिशवी बांधून, पाय बाहेर धरून. पण त्या एका वाक्यानंतर माझ्या आत काहीतरी बसलं ते पुन्हा हललं नाही.

फोन सुरू झाले. सासूबाईंचा आधी. त्याने त्यांना तेच सांगितलं होतं: पोर एकटी उड्या मारत होती, ही आत होती. सासूबाई मला म्हणाल्या, "अगं, दुसऱ्यांच्या पोरांना शिकवायचीस ना तू? आपलं एक सांभाळता आलं नाही?" मी म्हणाले, "मी बाहेरच होते." त्या म्हणाल्या, "बाहेर होतीस आणि तरी पडली? मग तर कमालच झाली." मी खरं काय ते सांगितलं.  मग त्या म्हणाल्या, "तो तर असं काही बोलला नाही. उगाच कोणाचं नाव घेऊ नये." माझ्या आईलाही मी सांगितलं. तिने विश्वास ठेवला, आणि म्हणाली, "आता वाढवू नकोस. संसार करायचाय तुला."

महाराष्ट्र मंडळातल्या बायका भेटायला आल्या, खाऊ घेऊन. त्यांच्यासमोर नवरा चहा करायचा आणि घडलेलं स्वतःच सांगायचा. मी दोनदा मध्ये बोलले. दोन्ही वेळा त्याने "बिचारी, तिला फार लागलंय मनाला" असा चेहरा केला, आणि बायकांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग मी मध्ये बोलणं सोडून दिलं. त्यातल्या एकीने जाता जाता सांगितलं, "स्वतःला एवढा दोष देऊ नका."

मामी मात्र वर गच्चीवर वडाम, म्हणजे तांदळाचे पापड, उन्हातून काढत होत्या त्या अपघाताच्या दिवशी. एका सकाळी नवरा बससाठी निघाला असताना त्या जिन्यावर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी अस्के पाहिले." अस्के म्हणजे सगळं. "तो लठ्ठ मनुष्य नाचला म्हणून पाय मोडला. ती तेथेच होती. नको नको म्हणत होती."

नवरा हसून म्हणाला, "मामी, वरून नीट दिसलं नसेल तुम्हाला."

मामी वळून वर गेल्या. आम्ही ते घर सोडेपर्यंत त्या त्याच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. भाड्याचं, पाण्याचं, काहीही असलं तरी मला हाक मारायच्या. एकदा मी त्यांना विचारलं, तुम्ही मंडळातल्या बायकांना सांगाल का. त्यांनी मान हलवली. "परक्याच्या घरांतले मी कैसे सांगू?" त्या म्हणाल्या. त्यांचंही बरोबर होतं.

गल्लीतल्या मुलांचं येणं बंद झालं. कोणी भांडलं नाही, कोणी काही म्हणालं नाही. समोरच्या बँकवाल्यांच्या मुलाला कुंपणाशी उभं राहिलेलं पाहिलं की त्याची आई आतून हाक मारायची. इस्त्रीवाल्याची नात तेवढी एकदा आली. लेकीच्या पलंगाजवळ बसली, प्लास्टरवर हात फिरवला आणि मला तमिळमध्ये विचारलं, आता कधी. मी म्हटलं, पाय बरा झाला की.

पाय बरा झाला. प्लास्टर निघालं तेव्हा आतला पाय सुकलेल्या फांदीएवढा बारीक दिसला. मी रोज तिच्याकडून व्यायाम करून घेतले: आधी बसून, मग भिंतीला धरून, मग बिनआधाराचे. ती चालायला लागली, पळायला लागली. ट्रॅम्पोलिनवर मात्र चढेना. मी एकदा स्वतः आत जाऊन मध्यावर बसले आणि तिला म्हटलं, नुसती बाजूला बस. ती जाळीच्या बाहेर उभी राहिली आणि म्हणाली, "तू आत होतीस तेव्हा मी पडले."

मी विचारलं, "कुठे आत?"

"स्वयंपाकघरात."

ती तिथे होती. तिने मला जाळीशी पाहिलं होतं, पाय मोडल्यावर तिची पहिली नजर माझ्यावर पडली होती. पण मधल्या दिवसांत पलंगावर पडून तिने बाबांना फोनवर, दारात, चहा करताना तीच गोष्ट सांगताना इतक्या वेळा ऐकलं होतं की ती आता तिची स्वतःची झाली होती. मी तिला सांगितलं, बाळा, मी बाहेर होते, काका उडी मारत होते. तिने माझ्याकडे पाहिलं, मग आत बाबांच्या दिशेने. सहा वर्षांच्या मुलीला दोघांतला एक निवडायला लावणं मला बरं वाटलं नाही. मी उतरले आणि जाळीची चेन लावून टाकली.

पुढच्या रविवारी नवऱ्याने ट्रॅम्पोलिन सुटं करायला घेतलं. मी म्हणाले, राहू दे, चढेल ती हळूहळू. तो म्हणाला, "अजून कशाला? लोक काय म्हणतील, एकदा पाय मोडला तरी ठेवलंय." स्प्रिंगा काढताना त्याने समोरासमोरच्या न काढता एका बाजूने काढत नेल्या, आणि चौकट पिळून वाकडी झाली. मग ती कोणाच्या उपयोगाची उरली नाही. भंगारवाल्याने नेली.

पुण्याची ती जागा नवऱ्याला मिळाली नाही. साहेब पुन्हा आमच्या घरी आले नाहीत. ओरगडमला यायचे, मीटिंगमध्ये भेटायचे, पण नवऱ्याशी कामापुरतंच बोलायचे. नवरा म्हणायचा, त्यांना अवघडल्यासारखं होत असेल. मला वाटायचं, ज्याच्यासाठी आपण खोटं बोलतो त्याला आपला चेहरा नकोसा होतो. हे मी त्याला बोलून दाखवलं नाही. पुढे काही वर्षांनी त्याने कंपनी बदलली आणि आम्ही पुण्याला आलो ते आमचे आम्ही. मी एका शाळेत नोकरी केली, मैदानावर, आवडीने. चेन्नईहून निघताना मामी दारापर्यंत आल्या होत्या. मला जवळ घेतलं आणि नवऱ्याला ओलांडून लेकीला आशीर्वाद दिला.

लेक आता मोठी झाली आहे, बंगळुरूला नोकरी करते. मागच्या दिवाळीत तिची एक मैत्रीण घरी आली होती. जेवताना माझ्या नोकरीचा विषय निघाला, तेव्हा लेक हसत म्हणाली, "आई हजार पोरींना उड्या शिकवते, आणि मी मात्र तिच्याच ट्रॅम्पोलिनवर पाय मोडून घेतला. ती आत पुऱ्या तळत होती."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. घरातला जुना विनोद सांगावा तसं ती सांगत होती. मैत्रीण हसली.

मी म्हणाले, "मी पुऱ्या तळत नव्हते. जेवणं झाली होती. मी तिथेच उभी होते, आणि बाबांचे साहेब तुझ्याबरोबर उड्या मारत होते."

लेकीचा हात थांबला. "साहेब? कुठले साहेब?"

"विचार बाबांना."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मी पण पाहिलं. खरं सांगते, मला वाटलं, आता तो सांगेल. साहेब निवृत्त होऊन किती वर्षं झाली होती, कोणाला तोंडावर पाडायचा प्रश्न नव्हता, काही मिळवायचं राहिलं नव्हतं. त्याने कपाळाला आठ्या घातल्या आणि मनापासून आठवायचा प्रयत्न केला. मला तो चेहरा ओळखता येतो. तो खोटं बोलत नव्हता.

"साहेब आले होते जेवायला, हे खरं," तो म्हणाला. "पण ते बाहेर खुर्चीत बसले होते. तुला आठवत नाही का? फोन वाजला म्हणून तू आत गेलीस. तुझ्या आईचा फोन होता."

त्या दिवशी कोणाचाही फोन आला नव्हता. इतक्या वर्षांत त्याने फोनचं कधी सांगितलंही नव्हतं. ते कधी आणि कुठून आलं, देव जाणे.

लेकीने विचारलं, "मग आई, तू तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलले होते."

"कोणाला?"

"डॉक्टरांना. आजीला. तुला."

 तिने मैत्रिणीला भात वाढला, आणि बंगळुरूच्या घरभाड्याचा विषय काढला.